बेस्तरवारचं पाणी

“आन् बेस्तरवारचं पाणी हौसाचं,” मालक म्हणाले, आणि विहिरीच्या धावेवर जमलेली सगळी भावकी खदखदून हसली.

श्रावणाचा महिना होता. बारीक भुरभुर चाललेली, माणसं पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन उभी, आणि विहीर अशी तुडुंब की काठावर बसून तांब्या बुडवावा. अशा दिवसांत बाईच्या नावानं आठवड्यातल्या एका गुरुवारचं पाणी ठेवायचं, म्हणजे नदीत उभ्या असलेल्याला ओंजळभर पाणी दान द्यायचं. हसावं की रडावं हेच मला कळेना. पदराचं टोक दातात धरून मी बाभळीखाली उभी होते.

“बाबा, नुसतं पाणी?” शिरपानं विचारलं. शिरपा म्हणजे मालकांचा धाकटा लेक. बापाची दुसरी बायको म्हणून मला धाकटी म्हणायचा, आणि त्याच्या तोंडाला देवानं कडीच लावली नव्हती. “रान न्हाई, वाफा न्हाई, आन् पाणी? धाकटी काय पदरात बांधून न्हेणार, का उशाला घिऊन निजणार?”

पुन्हा हशा. अंतूकाका भावकीतले वडीलधारे, त्या दिवसाचे पंच. तेवढेच हसले नाहीत. म्हणाले, “येसबा, आयकून घे. म्होतराची का असंना, तुजी बायकू हाय. चार वाफं तरी दे तिला. शेळीला चारा तरी हुईल.”

“न्हाई,” मालक म्हणाले. त्यांना दमा. दोन शब्द बोलले की छातीचा भाता हलायचा. “पाणीच. दौलत, तुजं काय म्हणणं?”

दौलत थोरला. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मोटेच्या चाकाकडं बघत म्हणाला, “माजं काय म्हणणं असणार? घिऊ दे की. पाण्याला काय तोटा हाय!”

वाटण्या खरं तर पाडव्याच्या सुमाराला करायच्या असतात, रानं मोकळी पडलेली असताना. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मालकांनी हट्ट धरला होता, आत्ताच. पिकं उभी, चिखल पोटरीपर्यंत, तरी आत्ताच. दमेकऱ्याला कशाचा भरवसा, असं म्हणून लोकांनी ऐकलं. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. त्यामुळं थोरला जपून पाडतो, कारण राहिलेला वाटा त्याच्याच गळ्यात. दौलतीनं बांध न् बांध कासऱ्यानं मोजला होता. कुठल्या वाट्याला कडुनिंब जातो आणि कुठल्याला चिंच, यावर दोघा भावांनी अर्धा दिवस घालवला. पाण्याच्या पाळ्या मात्र चुटकीसरशी ठरल्या. दोघांना दोन-दोन दिवस, रविवार आलटून पालटून, सोमवारी बैलांना सुट्टी. मधला बेस्तरवार माझा.

“मग बेलभंडारा उचला,” अंतूकाका म्हणाले. दोघांनी हसतहसतच उचलला. बेस्तरवारच्या पाण्याला धाकटीला विचारल्याशिवाय हात लावणार नाही, अशी शपथ झाली. गूळ वाटला. शिरपानं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाला, “घे धाकटे, आता पाण्यात बुडवून खा.”

आता मी कोण ते सांगते. माझा पहिला नवरा पटकीच्या साथीत गेला. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न लागतं, त्याला म्होतूर म्हणतात. त्याला ना वाजंत्री, ना मांडव. चार माणसं बसतात, पदर धरायला लावतात, झालं. मालकांची बायको वारली होती, त्यांना चूल पेटती ठेवणारं कुणीतरी हवं होतं. मला डोक्यावर छप्पर हवं होतं. दोन गरजांचं लग्न लागलं म्हणा. मी घरात आले तेव्हा दौलत माझ्याच वयाचा होता आणि त्याची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याचा राग मला कळत होता. त्याच्या जागी मी असते तर मीही तोंड फिरवलं असतं.

पण त्यानं फिरवलं ते फिरवलंच. शिरपा निदान धाकटे, धाकटे तरी करायचा. दौलत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. भूक लागली की म्हशीला सांगायचा, “भाकरी झाली असती तर बरं झालं असतं.” म्हैस काय भाकरी थापते? धोतर पाहिजे असलं की खांबाला सांगायचा. त्याची बायको गोदा आली, मग तिच्यामार्फत निरोप यायला लागले. खांब, म्हैस, दाराची कडी, या घरात दौलत सगळ्यांशी बोलायचा. एक मी सोडून.

लोक म्हणतील, एवढं काय त्यात! खायला मिळत होतं ना? मिळत होतं. पण मी एकदा त्यातून गेले होते. पहिला नवरा गेल्यावर त्या घरात मला कुणी मारलं नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. नुसतं बोलायचं बंद केलं. ताट पुढं सरकवायचे आणि निघून जायचे. मग मीच जात्याशी बोलायला लागले, चुलीशी बोलायला लागले. आपण माणूस आहोत की त्या घरातला एखादा पाटा-वरवंटा, हेच मला कळेनासं झालं होतं. मला मरणाची भीती कधी वाटली नाही. त्या गप्प घराची वाटते, अजून वाटते.

हे मी मालकांना एकदा सांगितलं होतं. ते मोटेचा नाडा वळत बसले होते. वर मान करून बघितलं नाही, हूं नाही, चूं नाही. ऐकलं की नाही कोण जाणे, असं म्हणून मी उठले होते.

त्या दिवशी भावकी पांगली आणि मी मालकांपुढं उभी राहिले.

“चारचौघांत मला फजीत केलंत,” मी म्हणाले. “लोकं हसून हसून लोळली. मी काय मागितलं हुतं तुमच्याकडं? एक गाय दिली असती तरी दावणीला कुणीतरी असतं.”

“गाय मरती.”

“मग रान द्यायचं. चार वाफं. अंतूकाका दुसऱ्या घरचे असून म्हणाले.”

“रान एकदाच मागत्यात, हौसा.”

“म्हंजे काय?”

खोकल्याची उबळ आली. मी पाठीवर हात फिरवला. राग आला तरी हात फिरवावाच लागतो. उबळ थांबली तसं ते म्हणाले, “चैतापतूर दम धर.”

“चैतापतूर तुमी तरी ऱ्हाताय का?”

माझ्या तोंडाला हे असंच आहे, विळ्यासारखं. पण त्यांना हसू आलं. डोळे पुसत म्हणाले, “म्या न्हाई ऱ्हात. पाणी ऱ्हातंय.”

पौषात ते गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. माझा भाऊ आला होता. म्हणाला, “चल माहेरला.” पण येताना बैलगाडी आणली नव्हती. ज्याला न्यायचं असतं तो गाडी घेऊन येतो. मी म्हणाले, “बघू रं, पावसाळा झाल्यावर.” त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. चहा पिऊन गेला.

विहिरीकडची दगडी खोली मालकांनी मला दिली होती. आधी तिथं मोटा, नाडे, कुळवाची फासं असलं सामान असायचं. दौलतीनं सामान काढून नेलं, चामड्याचा वास तेवढा मागं ठेवला. गोदानं एक रांजण, दोन भांडी आणि जोंधळ्याचं पोतं आणून दिलं. “लागलं तर सांगा,” म्हणाली, आणि मी काही सांगायच्या आत वळली.

माघ, फाल्गुन. सांगण्यासारखं काही नाही, तेच सांगायचं आहे. एका माणसाच्या दोन भाकरी थापायला वेळ तो किती लागतो? सकाळी थापून झाल्या की पुढं दिवस पडलेला. मंगळवारी, बुधवारी दौलतीची मोट चालायची. चाक कुरकुरायचं, बैल धावेचा उतार उतरायचे, थारोळ्यात पाणी धबकन पडायचं. शुक्रवारी, शनवारी शिरपा. तो गाणी म्हणायचा, सगळी बेसूर, पण मी दारात बसून ऐकायची. माणसाचा आवाज होता तो.

आणि बेस्तरवार आला की विहीर गप्प. चाक नाही, बैल नाही, कुणी नाही. माझा वाटा तो हा. नवऱ्यानं मला आठवड्यातला एक गप्प दिवस दिला होता! मी काठावर बसून आत बघायची. पाणी हलायचंसुद्धा नाही. आपलंच तोंड दिसायचं, त्याच्याशी किती बोलणार? एकदा मालकांना मोठ्यानं शिवी दिली. विहिरीतून परत आली. तेवढंच काय ते कुणी मला उत्तर दिलं.

मग ऊन तापायला लागलं.

दौलतीनं श्रावणातली भरली विहीर बघून उसाची लागण दुप्पट केली होती. पाण्याला काय तोटा हाय, म्हणाला होता ना! चैत्र लागला आणि विहिरीचं पाणी रोज एक-एक पायरी उतरायला लागलं. मोट बुडायला वेळ लागायला लागला. वर येणारी मोट निम्मी रिकामी, उरलेल्यात गाळ. दोन दिवसांच्या पाळीत त्याचा निम्मा ऊस भिजायचा आणि निम्मा वाळायचा. तिकडं शिरपाच्या वांग्यांनी माना टाकल्या. रविवार कुणाचा यावरून दोघे भाऊ धावेवर एकमेकांच्या अंगावर गेले. अंतूकाकांनी मधे पडून सोडवलं.

आणि बेस्तरवारी दिवसभर विहिरीला पाझर फुटायचे. रात उलटून शुक्रवार उजाडला की चांगलं पुरुषभर पाणी चढलेलं असायचं. ते आयतं शिरपाला मिळायचं, कारण शुक्रवार त्याचा. सोमवारच्या सुट्टीतलं मंगळवारी दौलतीला मिळायचं, पण दुप्पट उसाला ते पुरेना, आणि त्याचा डोळा बेस्तरवारवर गेला.

एका बुधवारी उन्हं कलताना शिरपा दारात आला. हातात चार वांगी, आपलीच सुकलेली.

“धाकटे, बरी हाईस न्हवं?”

“हाय की. तुला आज कशी आठवण झाली?”

“आठवण काय, रोजच असती. त्ये उद्याचं पाणी तेवढं मला दे. तू तरी काय करणार त्येचं?”

“उशाला घिऊन निजणार,” मी म्हणाले.

तो ओशाळून हसला. मला त्याला लगेच दे म्हणता आलं असतं. पण किती तरी दिवसांनी माझ्या दारात कुणी काही मागायला आलं होतं. एवढ्यात संपवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणाले, “उद्या सकाळी बघू. बस, पाणी पिऊन जा.” तो बसला, मिरची कशी गेली, बैलाचा खूर कसा दुखावला, सगळं सांगत बसला. मी नुसती हूं हूं करत होते. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंतूकाका आले आणि त्यांच्या मागं दौलत, बैल घेऊन. शिरपा येऊन गेल्याची खबर त्याला लागली होती. काका काठी टेकत ओट्यावर बसले. दौलत अंगणातल्या बाभळीला टेकून उभा राहिला, पाठमोरा.

“काका, इचारा,” दौलत बाभळीला म्हणाला. “म्हणावं, ह्यो वाद कायमचा मिटवून टाकू.”

“हौसा, दौलत म्हणतोय, वाद मिटवून टाकू,” काका म्हणाले.

“मी कुठं वाद घातलाय? त्याला म्हणावं, कसा मिटवतोस?”

“कसा मिटवतोस रं?”

“जलमभर जोंधळा घालतो म्हणावं. दर सुगीला, आमी घरात खातो तसलाच. वर वर्षाला दोन लुगडी. बेस्तरवारचं पाणी तेवढं माज्या नावावर करा.”

“हौसा, दर सुगीला जोंधळा, आन् दोन लुगडी...”

“लुगडी कसली? नऊवारी ना? इचारा त्याला.”

“दौलत, ती म्हणती लुगडी...” आणि काकांनी काठी आपटली. “आयला! मी काय मोटंचा नाडा हाय व्हय तुमच्या मदला? एक हिकडनं वढतोय, एक तिकडनं! समोरासमोर हाईसा, बोला की तोंडानं!”

दौलत बैलांच्या पाठीवरच्या गोमाश्या हाकलत राहिला.

काका जरा निवळले. मला म्हणाले, “हौसा, माजं आयक. वाईट काय न्हाई ह्यात. तू एकलं माणूस. उद्या हातपाय थकलं तर? घरात दाणा असला म्हंजे झालं. एकदाच अंगठा उठवून टाक, म्हंजे रोजची कटकट मिटली. त्येला परत परत तुज्या दारात याला नको, तुला त्येचं तोंड बघाय नको.”

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. जन्मभराचा जोंधळा म्हणजे चेष्टा नाही. म्होतराच्या बायकोला याहून जास्त कोण देतं? अंगठा पुढं करायला मी हातसुद्धा पदराला पुसला. आणि मग काकांचे शब्द माझ्या डोक्यात मागं फिरले. एकदाच अंगठा. परत दारात यायला नको.

रान एकदाच मागत्यात, हौसा.

म्हणजे ऐकलं होतं त्यांनी! नाडा वळत, मान खाली घालून, सगळं ऐकलं होतं. चार वाफे दिले असते तर पोरांनी पहिल्याच साली येऊन अंगठा घेतला असता आणि मग मी मेले काय, जगले काय. गाय दिली असती तर मेली असती. पाणी मात्र दर आठवड्याला नवं येतं. ते दर आठवड्याला मागावं लागतं. म्हणून भर श्रावणात वाटणी. विहीर भरलेली असताना पाण्याला किंमत नसते आणि रानासाठी वखवखलेली माणसं पाण्याचा विचार करत नाहीत, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. बेलभंडारासुद्धा हसतहसत उचलला दोघांनी! मला त्यांनी पाणी दिलंच नव्हतं. माझ्या दारात माणसं येतील याची तजवीज करून गेले होते.

मला हुंदका फुटला. काकांना वाटलं, आनंद झाला.

“उठवतीस न्हवं अंगठा?”

“न्हाई,” मी म्हणाले. “काका, तुमी घरला जावा. तुमचं उपकार झालं.” आणि बाभळीकडं बघून म्हणाले, “दौलत, मी विकत न्हाई आन् कायमचं देत बी न्हाई. पाणी पायजे असंल तर मला इचार. आजचं आज. पुढच्या बेस्तरवारचं पुढच्या बेस्तरवारी.”

दौलतीच्या मानेची शीर ताठ झाली. बैलाला म्हणाला, “चल रं. डोस्कं फिरलंय बाईचं.”

“बैलाला काय सांगतोस? पाणी बैलाचं न्हाई, माजं हाय.”

तो बैल घेऊन गेला. काका डोकं हलवत त्याच्या मागनं गेले. शिरपाही आला नाही, थोरल्याशी पुन्हा मारामारी नको म्हणून दबकला असावा. झालं, विहीर गप्प. आणि मग मला जी भीती भरली ती काय सांगू! हातातला घास मी टाकला होता. आता जोंधळा नाही, लुगडं नाही, आणि दौलत काय, मेल्यावर खांद्यालासुद्धा येणार नाही. उठावं, पळत जावं, काकांना हाक मारावी, चुकले म्हणावं, असं दहा वेळा मनात आलं. एकदा वहाणा घातल्या, पुन्हा काढल्या. चूल पेटवली नाही. काठावर जाऊन बसले. ऊस वाऱ्यावर वाळक्या पाल्यासारखा सळसळत होता, ते इथपर्यंत ऐकू येत होतं. ते मी ऐकत होते, तसं तिकडं दौलतही ऐकत असणार.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा धावेच्या टोकाला बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. मी मागं वळून बघितलं नाही. बैल आले. मोट जमिनीवर टाकल्याचा आवाज झाला.

“जेवलासा का?”

मी इकडं तिकडं बघितलं. म्हैस नव्हती. गोदा नव्हती. काका नव्हते. दौलत धावेवर उभा होता, तोंड घामानं निथळत होतं, आणि बघत होता माझ्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचे डोळे दिसले. बापासारखे घारे होते.

“न्हाई,” मी म्हणाले.

“मग जेवून घ्या. मोट धरल्यावर खाली उसात पाण्याची दारं मोडाय तुमास्नीच उभं ऱ्हावं लागंल. गोदा पोराला घिऊन दवाखान्यात गेलीया. मला एकल्याला जमायचं न्हाई.”

“तू इचारलं न्हाईस अजून.”

त्यानं चाकाकडं बघितलं, बैलांकडं बघितलं. कुणी मदतीला आलं नाही. मग म्हणाला, “द्या की पाणी.”

“घे.”

मी आत गेले आणि कालची शिळी भाकरी घेऊन बसले. रडत रडत खाल्ली. तो उसासाठी आला होता, माझ्यासाठी नाही. मला कसलाही भ्रम नव्हता आणि नाही. पण बाहेर चाक कुरकुरायला लागलं, माझ्या बेस्तरवारी, आणि थारोळ्यात पाणी पडलं तसं मी पदर खोचून उसात धावले. अंधार पडेपर्यंत आम्ही पाणी पाजलं. तो वरनं ओरडायचा, “भरली का सरी?” मी खालनं ओरडायची, “भरली, पुढचं दार मोडलं!” बस्स, एवढंच बोललो. मला तेवढं वर्षभर पुरलं असतं.

पुढचा बेस्तरवार मी शिरपाला दिला, त्याच्या पुढचा पुन्हा दौलतीला. मग रीतच पडली. जो येईल त्यानं आधी विचारायचं, आणि विचारायच्या आधी जरा बसायचं. बसलं की बोलणं निघतंच. म्हशीचं वेत, पोरीचं स्थळ, गोदाचं दुखणं, सगळं या ओट्यावर ठरलं. पाऊस लागला की मात्र विहीर भरायची आणि कुणी फिरकायचं नाही. सगळा मुलूख पावसाची वाट बघायचा आणि मी एकटी उन्हाळ्याची.

वर्षं गेली. मोट गेली, इंजिन आलं, मग विजेची मोटार. शिरपानं आपला वाटा विकला आणि लेकाकडं पुण्याला गेला. दौलतीनं रानात बोर मारली. चार इंच पाणी लागलं. गावभर पेढे वाटले, मलाही पोरासंगं पाठवले. मी पेढा तोंडात टाकला आणि मला कळलं, संपलं. आता कशाला कोण येतंय? पेढा गोड होता की कडू ते आठवत नाही.

त्यानंतरचा बेस्तरवार. मी सवयीनं दारात बसले होते. दौलत काठी टेकत आला. केस पांढरे, गुडघे धरलेले. ओट्यावर बसला आणि धापा टाकत म्हणाला, “आये, आजचं पाणी देतीस का?”

“तुज्या बोरला चार इंच लागलंय की रं.”

“लागलंय की.”

“मग?”

“बेस्तरवार हाय न्हवं आज?”

मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं विहिरीकडं.

“घे,” मी म्हणाले.

त्यानं काही घेतलं नाही. ऊन उतरेपर्यंत बसला. जाताना म्हणाला, “जेवलीस का?” मी न्हाई म्हणाले. “मग जेव,” म्हणाला, आणि मी भाकरीचा पहिला तुकडा मोडेपर्यंत थांबला. चालता येत होतं तोवर तो दर बेस्तरवारी आला, पावसाळ्यातसुद्धा.

गेल्या माघात दौलत गेला. त्याची पोरं गुणी आहेत, सुना चांगल्या आहेत, माझं काही कमी करत नाहीत. दुपारी डबा येतो. गाडीवरून येतात, उंबऱ्यात ठेवतात आणि निघून जातात. त्यांना कामं असतात. डब्यात भाजी असते, भात असतो, कधी गोडसुद्धा असतं. विहीर काठोकाठ असते, तिचं कुणाला काही लागत नाही.

बेस्तरवारी मात्र मी डबा लगेच उघडत नाही. ऊन डोक्यावरून खाली उतरेपर्यंत तसाच झाकून ठेवते. कुणी विचारलंच, जेवलीस का, तर न्हाई म्हणता यायला पाहिजे.